वाचक विचारतात : डबा कोण खातं?

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. बस सकाळी पावणेसातला येते, मधली सुट्टी साडेदहाला. महिन्याभरात सहा-सात वेळा त्यानं डबा उघडला तर आत काहीच नव्हतं. डबा मात्र दप्तरातच, झाकण लावलेलं. मॅडमना दोनदा सांगितलं, त्या म्हणाल्या, ‘बच्चे एक-दूसरे का खा लेते हैं.’ सासूबाई म्हणतात, एक दिवस भाजीत तिखटाचा गोळा ठेव, ज्यानं खाल्लं तो आपोआप रडत पुढे येईल. दप्तराला कुलूप लावलं तर चालेल का?
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : तिखटाचा गोळा आधी निकालात काढू. मधल्या सुट्टीत डबे या बाकावरून त्या बाकावर फिरतात. सापळा ज्याच्यासाठी लावला तो सुटतो आणि भलतंच पोर पहिला घास घेतं. त्या दिवशी डबा कुणी नेला नाही तर तो घास तुमच्याच मुलाच्या तोंडात जातो. काही घरांत तिखटावर न थांबता जुलाबाच्या औषधापर्यंत गोष्ट जाते. अपायकारक पदार्थ खाऊ घालून इजा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ चा विषय आहे. उलट, डबा खाणारं मूल सात वर्षांच्या आतलं असेल तर कायद्याच्या लेखी त्यानं गुन्हा केलेलाच नसतो (कलम २०), आणि सात ते बारा वयाच्या मुलाला आपण काय करतो याची पुरेशी समज नसेल तर त्याचाही नाही (कलम २१). म्हणजे अडचणीत येणार तुम्ही. शाळेला जे लिहून द्याल त्यातही ‘चोर’ आणि ‘चोरी’ हे शब्द नकोत. ते वाचताच शाळा बचावाच्या पवित्र्यात जाते आणि डब्याचं बोलणं बाजूला राहतं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट ही की डबा जागेवर असतो, जेवण नसतं. ज्याला डबाच हवा असतो तो डबा नेतो. इथे कुणीतरी वर्गातच, घाईघाईनं, सुट्टीच्या आधी खातं आणि कळू नये म्हणून झाकण लावून ठेवतं. त्यासाठी पाच-सात मिनिटं रिकामा वर्ग लागतो. तो केव्हा मिळतो? प्रार्थनेच्या वेळी, पीटीला, कॉम्प्युटर लॅब किंवा लायब्ररीच्या तासाला. म्हणून कोणी खाल्लं हे बाजूला ठेवा, केव्हा खाल्लं ते आधी शोधा. एका वहीत शाळेचे दहा दिवस लिहा : वार, डब्यात काय दिलं, सुट्टीत काय होतं, संध्याकाळी डबा कसा परत आला. ही नोंद वर्गाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. डबा गेलेल्या बहुतेक दिवशी सुट्टीच्या आधीचा तास पीटीचा निघाला, तर निम्मं काम झालं.

परत आलेला डबा धुण्याआधी नीट बघा. पोळीचा रोल गायब, पण भाजी तशीच आणि चमचा कोरडा असेल, तर कुणीतरी हाताला आलं ते उचललंय. कडेचा रस्साही पुसून खाल्लेला असेल तर खाणारा भुकेला आहे. दोन क्लिपांपैकी एकच लागली असेल तर घाई झाली होती. आणि भाजीवर दुसऱ्याच्या मॅगीचा मसाला किंवा केचपचा डाग दिसला तर हा प्रकार चोरीचा नसून अदलाबदलीचा आहे. पोळी-भाजी देऊन मॅगी खाल्ली हे घरी सांगण्यापेक्षा ‘कुणीतरी खाल्लं’ सांगणं मुलांना सोपं वाटतं. त्यामुळे ‘कुणी घेतला?’ असं विचारूच नका, नाव तयारच असतं आणि ते बऱ्याचदा चुकीचं असतं. ‘आज कुणाशेजारी बसलास, त्यानं काय आणलं होतं?’ असं विचारा आणि मधे न बोलता ऐका.

यानंतर एक साधी चाचणी करा. आठवडाभर डब्यात फक्त पोळी आणि कोरडी भाजी द्या, दुधी किंवा कोबी. बटाट्याचे पराठे, फ्रँकी, चिप्स, गुलाबजाम काही नको. चाचणीच्या आठवड्यात शेवही नको. हे इंदुरात सांगणं म्हणजे जरा अतीच, तरी. साध्या डब्याला कुणी हात लावला नाही तर तो मोह होता आणि चटकदार पदार्थ शनिवारी घरी खाऊ घालून प्रश्न मिटतो. कोबीची भाजीही नाहीशी झाली तर दोनच शक्यता : एखादं मूल खरंच उपाशी येतंय, किंवा कुणीतरी तुमच्या मुलालाच मुद्दाम त्रास देतंय. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला पीएम पोषणचं दुपारचं जेवण असतं, खासगी शाळेत ते नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवरची मुलंही तिथे घरच्या डब्यावरच असतात, आणि डबा प्रत्येक घरातून निघतोच असं नाही. हे मॅडमच्या लक्षात आणून द्या, पण कुणा मुलाकडे बोट दाखवू नका.

हे सगळं होईपर्यंत मुलाचं पोट सांभाळायला हवं. पावणेसात ते साडेदहा हे पावणेचार तास, त्यात डबा रिकामा निघाला तर घरी येईपर्यंत उपवासच. आटे असलेल्या झाकणाच्या छोट्या डबीत मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम फुटाणे आणि १० ग्रॅम गुळाचा खडा ठेवा. जवळजवळ १५० कॅलरी होतात, भूक मारायला पुरेशा. डबी दप्तराच्या मोठ्या कप्प्यात, पुस्तकांच्या मागे. कागदाची पुडी नको, गुळाला मुंग्या लागतात आणि मग वह्यांतून मुंग्या निघतात. दर शनिवारी डबी रिकामी करून नव्यानं भरा. घरात केजीतलं धाकटं असेल तर त्याला फुटाणे देऊ नका, घशात अडकतात, राजगिऱ्याचा लाडू द्या.

मुलाला एक वाक्य पाठ करून द्या, शाळेच्या भाषेत : ‘मैम, मेरे डिब्बे में आज खाना नहीं है.’ एवढंच. कुणी खाल्लं, कसं खाल्लं, काही नाही. डबा उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हे बोललं गेलं पाहिजे. सुट्टी संपल्यावर सांगितलं तर मॅडमना काहीच करता येत नाही. घरी दोन-तीनदा म्हणून घ्या, कारण तिसरीतलं मूल भर वर्गात उठून आपणहून बोलत नाही.

मॅडमना आता तिसऱ्यांदा तोंडी सांगू नका, डायरीत लिहून द्या. मजकूर असा पुरे : ‘अमुक अमुक तारखांना माझ्या मुलाचा डबा सुट्टीत रिकामा निघाला. त्यांपैकी इतक्या दिवशी आधीचा तास पीटीचा होता. वर्ग रिकामा असताना दार बंद राहील का, आणि डबे मॅडमच्या टेबलाजवळ एका टोपलीत ठेवता येतील का?’ तारखा आणि तास दिसले की उत्तर टाळणं अवघड जातं. वर्गाबाहेर कॅमेरा असेल तर तोही मागाहून बघता येतो, पण चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून तारीख आणि तास त्याच दिवशी कळवा. चित्रण शाळा बघेल, ते स्वतः पाहायचा हट्ट धरू नका, त्यात इतरांचीही मुलं असतात. आठवड्यात उत्तर नाही आलं तर तीच नोंद को-ऑर्डिनेटरकडे आणि पुढे प्राचार्यांकडे, पोच घेऊन. मात्र सगळ्यांची दप्तरं झडवा, वर्गाला उभं करा, असं सुचवू नका. कुणी सापडलं तरी भर वर्गात त्याचा पाणउतारा होता कामा नये. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मनाई आहे.

कुलूप आम्ही सुचवणार नाही. दप्तराची चेन पेनाच्या टोकानंही उसवते, कुलूप तसंच लटकत राहतं. आकडा विसरला की वीस मिनिटांच्या सुट्टीतली दहा कुलपातच जातात. पाचवी-सहावीच्या पुढे फार तर चालेल.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. मुलगा अचानक ‘दोन डबे दे’, ‘चिप्सच दे’ म्हणू लागला, पेन्सिली आणि बाटलीही हरवू लागल्या, रविवारी संध्याकाळी पोट दुखू लागलं, तर कुणीतरी धाक दाखवून डबा काढून घेतंय. मग दहा दिवसांची नोंद करत बसू नका, त्याच दिवशी प्राचार्यांना लेखी द्या. शाळेनं कानावरच घेतलं नाही तर चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८ आहे.

प्रश्न : शाळेतून फोन आला. आमची पाचवीतली मुलगी दुसऱ्यांच्या डब्यातलं खाते म्हणे. घरात कशाची कमी नाही. लाजेनं मान खाली गेली. तिला त्या मुलांची सगळ्यांसमोर माफी मागायला लावावी का?
– लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नको. वर्गासमोर माफी मागितली की पुढची दोन वर्षं तिला त्याच नावानं हाक मारतील. आधी पाहा, ती सकाळी काय खाऊन निघते. नुसत्या कपभर दुधावर सात वाजता गेलेलं मूल दहाच्या तासाला भुकेनं कासावीस होतं. अर्धी पोळी तूप-गूळ लावून किंवा छोटी वाटी पोहे पोटात गेले तरी फरक पडतो. मग तिचा स्वतःचा डबा पाहा. रोज तीच पोळी नि तीच भेंडी, आणि शेजारच्या बाकावर रोज नवीन काही, असं आहे का? मैत्रिणींनी पैज लावली होती का, हेही विचारा, पाचवीत हे सर्रास चालतं.

भरपाई वस्तूनं करा. जिचा डबा खाल्ला तिच्यासाठी दोन दिवस तिनं घरून एक जास्तीचा डबा न्यायचा, मॅडमना सांगून, आणि सुट्टीत तिच्या हातात द्यायचा. तो भरायला सकाळी तुमच्याबरोबर तिलाच ओट्यापाशी उभी करा. पोळी गरम असताना झाकण लावू नये, पाच-सात मिनिटं निवू द्यावी नाहीतर वाफेनं ओली होते. पोहे दिले तर शेव वेगळ्या डबीत, नाहीतर सुट्टीपर्यंत तिचा लगदा होतो. डबा भरायला किती खटपट लागते हे हातानं केल्यावर जेवढं कळतं तेवढं भाषणानं कळत नाही.

आणखी एक. भूक एकाएकी वाढली असेल आणि तिच्याबरोबर तहान वाढणं, सारखं लघवीला जाणं, खाऊनही वजन उतरणं यांपैकी काही असेल, तर हा वळणाचा प्रश्न नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन रक्तातली साखर तपासा, लहान मुलांच्या मधुमेहाची सुरुवात अशीच होते.

प्रश्न : जेवण राहतं, पण डबाच बदलून येतो. या वर्षी तीन स्टीलचे डबे गेले. काय करावं?
– राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : एकाच दुकानातले, एकाच मापाचे डबे वर्गात पाच-सहा असतात, ही चोरी नव्हे. बर्तन बाजारातून डबा घ्याल तेव्हाच नाव कोरून घ्या. झाकणावर आणि तळावर, दोन्हीकडे, कारण झाकणं वेगळी आणि डबे वेगळे फिरतात. प्लॅस्टिकच्या डब्याला मार्कर टिकत नाही, आठ-दहा धुण्यांत जातो. तळाला नेलपॉलिशचे दोन ठळक ठिपके देऊन रात्रभर वाळू द्या, आणि ते ठिपके मुलाला दाखवून ठेवा. नाव कोरताना इयत्ता कोरू नका, एप्रिलमध्ये ती बदलते.