नागपूर ते मुंबई विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

तुम्ही लिहिलंय की ७४ वर्षांच्या वडिलांना तपासणीसाठी नागपूरहून मुंबईला आणायचंय, रेल्वेची अख्खी रात्र त्यांना झेपणार नाही, तर विमानात किती वेळ बसावं लागेल? माझे आईवडील नागपुरात आणि मी ठाण्यात, त्यामुळे हा प्रवास आमच्या घरात सतत चालू असतो.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ६८५ किलोमीटर आहे. रेल्वेने हेच ८३७ होतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळ आमणेला संपतो, पुढचं मुंबईतलं अंतर वेगळं. पूर्वी दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरला येत, पिशव्यांची अदलाबदल करून परत जात. १९४९ मध्ये सुरू झालेली ही सेवा नागपूर मध्यावर आहे म्हणून तिथे आली. त्या चारही शहरांत नागपूरला सगळ्यात जवळची मुंबईच. वडिलांना विचारून बघा, त्या विमानांबद्दल त्यांनी लहानपणी नक्की ऐकलं असेल.

आता वेळ. प्रत्यक्ष हवेत सव्वा तासाच्या आसपास. तिकिटावर मात्र दीड ते पावणेदोन तास दिसतील, कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर लागेपर्यंतची असते. तिथले दोन मुख्य रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच वापरता येतो. गर्दीच्या वेळी विमानाला उतरायची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. एकदा आई अशीच वीस-पंचवीस मिनिटं वरच होती आणि आम्ही खाली काळजीत. हे होतं, घाबरू नका, वडिलांनाही आधीच सांगून ठेवा. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा समोरून लागतो, म्हणून नागपूरहून येताना जाण्यापेक्षा पाच-दहा मिनिटं जास्त धरा.

पण तुमच्या वडिलांसाठी खरा आकडा घरापासून घरापर्यंतचा आहे. सोनेगावचा विमानतळ शहराला लागून आहे, तिथे पोचायला फार वेळ जात नाही. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तरी ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर दोन तास आधी पोचाच. मुंबईत उतरल्यावर सामान आणि मग रस्त्यावरची गर्दी. आमच्या घरी हे सगळं धरून साडेपाच तास लागतात, कधी सहा. त्यांची औषधं आणि जेवण याच हिशेबाने ठरवा, तिकिटावरच्या दीड तासाने नाही. औषधं सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. वडील चालते-फिरते असले तरी मागा. माझे बाबा पहिल्यांदा नको म्हणाले होते, पण सुरक्षा तपासणीच्या रांगेतच थकले. तेव्हापासून आम्ही विचारत नाही, मागूनच टाकतो. तपासणी हृदयाची किंवा फुप्फुसाची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा. विमानातल्या हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा असतो, धडधाकट माणसाला जाणवत नाही, पण श्वासाचा त्रास असणाऱ्याला जाणवू शकतो.

तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, आणि जुन्या विमानतळावर सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि सहारचं टर्मिनल २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. घ्यायला येणारा माणूस चुकीच्या दारात उभा राहिला तर वडिलांना उगाच ताटकळावं लागेल. टर्मिनल कोणतं ते आदल्या दिवशी विमान कंपनीकडून पुन्हा विचारून घ्या आणि त्याला फोनवर न सांगता लिहून पाठवा.