दिवा चर्चगेटला, बटण विरारला

प्रश्न : माझ्या जाऊबाईंच्या बाळाला जन्मतः उजव्या अंगठ्याशेजारी जादा बोट आहे. सासूबाई म्हणतात, सातव्या महिन्यात ग्रहण लागले असताना जाऊबाईंनी भाजी चिरली, म्हणून असे झाले. डॉक्टरांच्या मते जनुक शाबूत असून बिघाड त्याच्या अभिव्यक्तीत असावा. जनुक शाबूत असताना हाडांची रचना बदलते कशी?
– एक वाचिका, बोरिवली

उत्तर : सासूबाईंचा आरोप तारखेवरच निकालात निघतो. गर्भाच्या हाताचा कोंब चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुटतो आणि आठवा आठवडा संपेपर्यंत बोटे सुटी झालेली असतात. सातव्या महिन्यात विळीवर काय चिरले, याचा त्यांच्या संख्येशी संबंध उरत नाही.

शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. त्यांतील कोणते जनुक कोठे, केव्हा आणि किती काळ चालू राहते, यालाच अभिव्यक्ती म्हणतात. बोटांच्या घडणीत मोठा वाटा 'सॉनिक हेजहॉग' या जनुकाचा आहे (नाव एका व्हिडिओ गेममधील पात्राचे आहे, संशोधकांची ही थट्टा रुग्णांच्या आईवडिलांना सांगताना डॉक्टरांची पंचाईतच होत असणार). ते कोंबाच्या केवळ करंगळीकडच्या कडेला चालू होते. त्याचे प्रथिन जेथे दाट आणि दीर्घकाळ मिळते तेथे करंगळी घडते, आणि जेथे ते पोचत नाही तेथे अंगठा. आधी कूर्चेचा साचा तयार होतो, हाड मागाहून येते.

गंमत अशी, की हातापायांपुरते हे जनुक चालू करणारे बटण त्याच्यापासून डीएनएची सुमारे 10 लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. म्हणजे दिवा चर्चगेटला आणि बटण विरारला. या बटणातील एखादेच अक्षर बदलले तरी जनुक अंगठ्याकडच्या कडेलाही चालू होऊ शकते आणि तेथे जादा बोट उगवते, हे 2003 साली दाखवले गेले. उलट, उंदरांमधून हे बटण काढून टाकले तेव्हा पाय टोकाकडे खुरटले आणि बोटे जवळजवळ नाहीशी झाली, जनुक मात्र जसेच्या तसे होते. म्हणूनच नुसते जनुक वाचणाऱ्या तपासणीत हा बदल सापडत नाही.

अर्थात प्रत्येक जादा बोटामागे हेच कारण असते असे नाही. बोट दोऱ्याने बांधून गाळण्याचा घरगुती उपाय मात्र करू नये. अंगठ्याकडच्या बोटाचे हाड आणि सांधा मूळ अंगठ्याशी जोडलेले असू शकतात, म्हणून क्ष-किरण चित्र काढून शल्यविशारदांचा सल्ला घ्यावा. हा बदल आई किंवा वडिलांकडून आलेला असेल, तर पुढच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. तेव्हा दोघांचेही अंगठे नीट पाहावेत : दोनऐवजी तीन पेरांचा अंगठा ही याच बदलाची सौम्य खूण असू शकते.