आबांचं ‘नुसकान’

प्रश्न कोल्हापुरातल्या एका ताईंचा आहे. घरी सासरे आहेत, ऐंशीच्या पुढचे. प्रयाग चिखलीच्या अंगाला, पंचगंगेकाठी थोडा ऊस आहे. नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं की आबांच्या तोंडी एकच वाक्य, ‘औंदा बी लई नुसकान हुतंय बघ.’ पाचवीतला नातू लगेच दुरुस्त करतो, ‘आबा, नुसकान नाही, नुकसान.’ आबा मान डोलावतात आणि म्हणतात, ‘तेच म्हणतोय की मी, नुसकान!’ घरात हसू होतं, आबा गप्प बसतात. ताई विचारतात की ‘नुसकान’ हा शब्द अशुद्ध धरायचा का, आणि इतक्यांदा सांगूनही त्यांच्या जिभेला वळण का लागत नाही?

ताई, आधी आबांच्या बाजूनं बोलतो. ‘तेच म्हणतोय की’ हे त्यांचं उत्तर अगदी खरं आहे. ते तोच शब्द म्हणतायत. फक्त त्यांच्या मनात तो त्या रूपानं साठवलेला आहे.

मूळ शब्द अरबी. ‘नुक्सान’ म्हणजे घट, उणेपणा. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला. आपल्या तोंडी त्यातल्या ‘क’ आणि ‘स’ यांनी जागा बदलल्या. याला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात. पुष्कळ जण अशा रूपांना जिभेचा आळस म्हणतात, पण इथं आळस दाखवायला जागाच नाही. ‘नुकसान’मध्ये जेवढे ध्वनी तेवढेच ‘नुसकान’मध्ये. एकही गळलेला नाही, एकही सोपा झालेला नाही. जिभेचे कष्ट तितकेच राहिले आणि बदलला तो क्रम. क्रम लावण्याचं काम जिभेचं नाही, मनाचं आहे.

मन हे काम कसं करतं ते पाहायला लांब जायला नको. जेवणाच्या गर्दीच्या वेळी एखाद्या खानावळीत बसा. वाढणारा घाईत ‘तांबडा-पांढरा’ म्हणायला जातो आणि तोंडातून निघतं ‘पांबडा-तांढरा’. स्वतःच थबकतो, हसतो, पुन्हा नीट म्हणतो. या चुकीकडे बारकाईनं पाहा. ‘तांबडा’ उच्चारायच्या आधीच ‘पांढरा’तला ‘प’ हजर होता. नाहीतर तो पुढं येऊन बसलाच नसता. म्हणजे आपण एक शब्द बोलून मग पुढचा शोधत नाही. अख्खी जोडी आत तयार असते आणि तिचे ध्वनी आपापल्या घरात बसवण्याचं काम चाललेलं असतं. आणि अदलाबदल झाली ती कुणाची? पहिल्या ध्वनीची पहिल्याशी. ‘तांबडा’तला ‘त’ ‘पांढरा’तल्या ‘र’च्या जागी जाऊन बसला, असं सहसा होत नाही. शिवाय जे बाहेर आलं तेही मराठी तोंडाला सहज म्हणता येण्याजोगंच. चुकतानासुद्धा मन भाषेचे नियम पाळतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

रुडॉल्फ मेरिंगर आणि कार्ल मायर या दोघांनी 1895 साली जर्मन भाषेतल्या अशा चुकांचा संग्रह छापला. पुढं अमेरिकेत व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी इंग्रजीतल्या चुका टिपून ठेवल्या आणि 1971 च्या आपल्या लेखात हेच दाखवलं की या चुका बेशिस्त नसतात. आपण सुटा ध्वनी असं ज्याला म्हणतो ते मनात खरोखरच वेगळं उचललं आणि ठेवलं जातं, याचा पुरावा त्या चुकाच देतात. बोलताना सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी बाहेर पडत असतात. त्या वेगात इतक्या कमी चुका होतात, हेच मोठं.

मात्र आबांचं ‘नुसकान’ या जातीचं नाही. खानावळीतला माणूस थबकला, कारण बाहेर आलेला शब्द त्याच्या मनातल्या शब्दाशी जुळला नाही. आपण स्वतःचं बोलणं सतत आतून तपासत असतो, म्हणून चूक लगेच कळते. आबा थबकत नाहीत. दरवेळी ‘नुसकान’च म्हणतात, ‘नुसकानभरपाई’ म्हणतानाही तेच. कधी ‘नुकसान’ तर कधी ‘नुसकान’ असं होत नाही. त्यांच्या आईवडिलांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तोच शब्द त्यांच्या कानावर घातला. लहान मूल ‘पिशवी’ला ‘शिपवी’ आणि ‘कपडे’ला ‘पकडे’ म्हणतं, ते वर्षा-दोन वर्षांत सरळ होतं, कारण भोवतालचे सगळे ‘पिशवी’ म्हणत असतात. आबांच्या भोवती मात्र सगळे ‘नुसकान’च म्हणत होते. तेव्हा त्यांच्या बाबतीत चूक झालेलीच नाही. जसा ऐकला तसा शब्द ते म्हणतायत.

मग पहिल्यांदा तो फिरला कसा? यात मला ‘क’ आणि ‘स’ ही जोडी महत्त्वाची वाटते. ‘नुकसान’ म्हणताना ‘क’चा अकार आपण उच्चारत नाही, त्यामुळं हे दोन्ही वर्ण एकमेकांना चिकटलेले असतात. इंग्रजीत ‘विचारणे’ या अर्थाचा ‘आस्क’ आहे ना, त्यात हीच जोडी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत त्याची ‘स्क’ आणि ‘क्स’ अशी दोन्ही रूपं नांदत होती आणि आजही काही इंग्रजी बोलींत ‘आक्स’ ऐकू येतं. आपल्याकडं ‘डेस्क’चा ‘डेक्स’ होतो, ‘टॅक्सी’ची ‘टॅस्की’ होते. जगाच्या दोन टोकांना हीच जोडी घसरते, त्याचं एक कारण कानात आहे. ‘स’ हा उंच पट्टीतला फुसकारा आहे, आसपासच्या स्वरांपेक्षा अगदी वेगळ्या पोताचा. कान त्याला वेगळ्या धाग्यासारखा धरतो आणि शेजारच्या स्फोटक वर्णाच्या, म्हणजे ‘क’सारख्या हवा अडवून एकदम सोडलेल्या ध्वनीच्या, आधी तो आला की नंतर, हे ठरवताना गफलत होते.

क्रमाच्या बाबतीत कान किती सैल असतो, ते अमेरिकेतल्या रिचर्ड वॉरन यांनी 1970 साली दाखवलं. एका ध्वनिमुद्रित इंग्रजी वाक्यातला एक ‘स’ त्यांनी अख्खा कापला आणि तिथं खोकल्याचा आवाज बसवला. 20 जणांना ते ऐकवलं. 19 जण म्हणाले, सगळं वाक्य नीट ऐकू आलं, काही गाळलेलं नाही. नसलेला ‘स’ त्यांच्या मनानं भरून काढला होता. आणि खोकला नेमका कुठं आला, हेही त्यांना नीट दाखवता येईना. आपण ध्वनी ओळीनं मोजत शब्द ऐकत नाही. शब्द ओळखतो, आणि आतले ध्वनी मागाहून त्याच्यात बसवून घेतो.

त्यात मराठी कानाला ‘स्क’ ओळखीचा आहे. नमस्कार, पुरस्कार, संस्कार, तिरस्कार यांत तो सतत भेटतो. शब्दाच्या मध्ये ‘क्स’ क्वचितच. कान द्विधा झाला की मन ओळखीच्या घडीकडं झुकतं. ‘नुकसान’चा आपल्या बोलण्यात दुसरा जवळचा भाईबंदही नाही, की त्याच्याकडं पाहून क्रम पक्का व्हावा. हे शेवटचे दोन मुद्दे माझे अंदाज आहेत, पण मला ते पटतात.

बरं, फिरला तरी तो टिकला का? कारण ऐकणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही. वाक्यात आलेला शब्द सुरू झाल्यावर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास आपण तो पुष्कळदा ओळखलेला असतो, पुरता संपायच्या आधीच. ‘पुरानं उसाचं...’ एवढं कानावर आलं आणि पाठोपाठ ‘नु’ आला, की कोल्हापूरकराला पुढचं ऐकायची गरज राहत नाही. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात आपल्या जिल्ह्यात किती जणांनी हा शब्द किती वेळा उच्चारला असेल! ‘क’ आधी की ‘स’ आधी, यावरून कुणाचं दुःख समजायचं राहिलं नाही.

आता नातवाकडं येऊ. त्याला फरक ऐकू येतो आणि आबांना येत नाही, याचं कारण हुशारीत नाही, पाटी-पेन्सिलीत आहे. त्यानं ‘नु-क-सा-न’ डोळ्यांनी पाहिलंय. 1979 साली पोर्तुगालमध्ये होझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर प्रौढांचा अभ्यास केला. शब्दाच्या सुरुवातीला एखादं व्यंजन जोडा किंवा असलेलं काढून टाका, असं सांगितल्यावर त्यांना ते फार जड गेलं. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना मात्र ते जमत होतं. शब्द सोलून त्याचे ध्वनी वेगळे पाहण्याची नजर मुख्यतः लिपी शिकताना येते. ताई, तुम्ही लिहिलंय की आबांची शाळा दुसरीतच सुटली. म्हणजे त्यांच्यासाठी ‘नुसकान’ हा एक अखंड शब्द आहे, अर्थासकट. तुम्ही त्यांना अर्थ तोच ठेवून आतले दोन वर्ण तेवढे बदला म्हणता, आणि त्यांना ऐकू येतो तो अर्थ. म्हणून ते मनापासून म्हणतात, तेच म्हणतोय की.

आणि अशुद्धतेचं म्हणाल तर नातवाला एक गोष्ट जरूर सांगा. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी प्राकृताचं व्याकरण रचलं. त्यात वर्णांची अदलाबदल झालेल्या शब्दांची सूत्रंच्या सूत्रं पाठोपाठ येतात. वाराणसीचं ‘वाणारसी’, ज्यातून पुढं बनारस झालं. अचलपूरचं ‘अलचपुर’, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, लोकांच्या तोंडी एलिचपूर झालेलं गाव. लघुकाचं ‘हलुअ’, त्यातून आपलं हळू आणि हलकं आलं. ललाटाचं ‘णिडाल’, ज्यातून ‘निढळाचा घाम’ यातलं निढळ आलं. आणि याच ओळीत महाराष्ट्राचं ‘मरहट्ठ’. ‘ह’ आणि ‘र’ यांची अदलाबदल. त्यातूनच मऱ्हाटी, आणि मऱ्हाटीतून मराठी. ज्या भाषेच्या नावानं आपण आबांना दुरुस्त करतो, त्या भाषेचं नावच ‘नुसकान’च्या वाटेनं घडलंय. उलटही घडतं. प्राकृतात ‘बुड्ड’ होतं, आपण मराठीत ‘बुडणे’ तसंच ठेवलं, हिंदीनं मात्र फिरवून ‘डूबना’ केलं.

तर माझं मत असं. लिहिताना ‘नुकसान’च लिहावं. पंचनाम्याच्या अर्जावर, परीक्षेत, वर्तमानपत्रात तेच रूप रूढ आहे आणि नातवानं ते पक्कं करावं. बोलण्यात ‘नुसकान’ हे बोलीतलं खरं, जुनं रूप आहे. त्याला अशुद्ध म्हणू नये आणि त्यावरून आबांना हसू तर मुळीच नये. ऐंशीच्या पुढच्या माणसाला त्याच्या आईनं दिलेला शब्द बदलायला लावणं मला बरोबर वाटत नाही.

एक मात्र कळवा. आमच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या आज्जी ‘नुसकानी झाली’ असं स्त्रीलिंगी रूप वापरायच्या. आबांच्या तोंडी ते येतं का? आणि ‘मतलब’ला ते ‘मतबल’ म्हणतात का? विचारू नका, नुसतं ऐका. विचारलंत की ते सावध होतील, आणि खरं रूप बाहेर येणार नाही.