मुलाच्या दम्यासाठी तीन प्युरिफायर: एफडी मोडायची का?

प्रश्न: कासारवडवलीला आमचा टूबीएचके आहे. एक बाजू घोडबंदर रोडकडे, दुसरी येऊरच्या डोंगराकडे. सात वर्षांच्या मुलाला दमा आहे आणि दिवाळीनंतर त्रास वाढतो. एका इंटिरिअरवाल्याने 1,08,000 रुपयांचं कोटेशन दिलंय: तीन एअर प्युरिफायर 66,000, डक्ट नसलेली किचन चिमणी 18,000 आणि बेडरूमच्या ओल आलेल्या भिंतीला बुरशीरोधक रंग 24,000. कार्डावर नऊ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय मिळतोय, नाहीतर 1,40,000 ची एफडी मोडावी लागेल. गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च जाऊन महिन्याला साधारण 12,000 उरतात. दुसरी शिल्लक नाही. काय करावं?

उत्तर: ताई, एफडीला हात लावू नका आणि पॅकेजही घेऊ नका. एक प्युरिफायर मात्र जरूर घ्या, आणि तो याच महिन्यात घ्या. मुलाच्या श्वासाचा प्रश्न आहे, तिथे मी काटकसर सुचवणार नाही. पण 1,08,000 मधला मोठा भाग त्याच्या श्वासापर्यंत पोचणारच नाही.

आधी ती भिंत बघू, कारण तिथले पैसे तर सरळ वाया जातील. ओल बाहेरून झिरपत असेल तर आतून कितीही भारी रंग लावा, पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटणार आणि बुरशी परत येणार. शिवाय ओल पावसाची असेल तर गळती बंद करण्याचा खर्च मुळात तुमचा नाहीच. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने होणारी गळती दुरुस्त करणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. ओलीचे फोटो जोडून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या कमिटीला माहीतच नसतं. बाहेरचं वॉटरप्रूफिंग झालं आणि भिंत पूर्ण वाळली की तेवढी एकच भिंत रंगवा. पाच-सहा हजारांत होईल. रंगाचा वास जाईपर्यंत मुलाला त्या खोलीत झोपवू नका.

आता प्युरिफायर. तीन का नकोत? मूल रात्रीचे आठ-नऊ तास एकाच खोलीत असतं. यंत्राचा उपयोग तिथेच, दार-खिडकी लावलेली असताना. तुमची बेडरूम दहा बाय बाराची धरली तर आत साधारण 32 घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर, म्हणजे ते तासाला किती स्वच्छ हवा देतं ते माप, 160 घनमीटर प्रति तास हवा. मी 220-250 चं घ्या म्हणेन, म्हणजे पूर्ण वेगाने चालवावं लागणार नाही आणि रात्री आवाज कमी होईल. खरा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. खोक्यावर ‘हेपा टाइप’ लिहिलं असेल तर सोडून द्या. ओझोन सोडणारं यंत्र तर दम्याच्या मुलाजवळ नकोच. तुमच्या गरजेचं यंत्र बारा ते चौदा हजारांत मिळायला हवं.

फिल्टरची किंमत दुकानातच विचारा, कारण खरा खर्च तिथून सुरू होतो. वर्षाला 3,000 चा एक फिल्टर धरला तरी तीन यंत्रांचे पाच वर्षांत 45,000 होतात. कोटेशनमध्ये तो आकडाच नाही.

चिमणी पूर्ण रद्द. डक्ट नसलेली चिमणी तेल आणि थोडा वास पकडते, पण हवा परत स्वयंपाकघरातच सोडते. गॅसच्या ज्वालेतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड घरातच राहतो. दोन-अडीच हजारांचा एक्झॉस्ट फॅन ती हवा थेट बाहेर फेकतो. फोडणीच्या आधी चालू करा आणि स्वयंपाक झाल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवा.

बिनपैशाचे उपाय मात्र मनापासून करा. डासांची कॉइल आजच बंद करा. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं संशोधनात आढळलं आहे. खिडक्यांना जाळी किंवा पलंगावर मच्छरदाणी लावा. घरात रोज धूप-अगरबत्ती होत असेल तर मोठ्यांशी प्रेमाने बोला. समई चालेल, धूर नको. रस्त्याकडच्या खिडक्या रात्री आणि सकाळी बंद, येऊरकडच्या दुपारी उघड्या. हिवाळ्यात सकाळची थंड हवा धूळ खाली दाबून ठेवते, दुपारी ती वर विरते.

तर हिशेब असा: यंत्र 14,000, एक्झॉस्ट 2,500, भिंत 6,000, गादी-उशांना धूळकिडा रोखणारी कव्हरं 2,000. एकूण 24,500. तुमची साधारण दोन महिन्यांची बचत. यंत्र आत्ता, एक्झॉस्ट आणि बाकीचं पुढच्या महिन्यांत. ईएमआय घेतलात तर नऊ महिने 12,000 म्हणजे अख्खी बचत गेली, वर, नाव नो-कॉस्ट असलं तरी, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी. त्या काळात मुलाला एकदा जरी ॲडमिट करावं लागलं तर पैसे आणणार कुठून? एफडी त्या रात्रीसाठी आहे, आणि गृहकर्ज असलेल्या घरात ती तशीही कमीच आहे.

डॉक्टरांनी दिलेला रोजचा इनहेलर यंत्र आलं म्हणून बंद करू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला तीच जास्त सतावते. आरोग्य विमा फक्त नोकरीतला असेल तर तिसऱ्या महिन्यापासूनची बचत स्वतःच्या फॅमिली फ्लोटरकडे, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकाच पॉलिसीकडे, वळवा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, म्हणून जितक्या लवकर घ्याल तितकं बरं. फॉर्ममध्ये दमा स्पष्ट लिहा, एजंट ‘गाळून टाका’ म्हणाला तरी. प्रीमियम थोडा वाढू शकेल, पण क्लेमच्या वेळी माहिती लपवली म्हणून नाकारायला कंपनीला कारण मिळणार नाही.