सूचीतलं टिपण कसं लिहावं?

प्रश्न : व्यावसायिक लेखनाच्या अभ्यासक्रमासाठी दहा संदर्भसाधनांची टिपणांसह सूची करायची आहे. माझी टिपणं ‘उपयुक्त कोश’ एवढ्यावरच संपतात. कुठे चुकतं?

उत्तर : साधन वापरण्याआधीच टिपण लिहिलं, की ते प्रस्तावनेची नक्कल होतं. आधी स्वतःच्या मजकुरात अडलेले पाच शब्द त्यात शोधा. मगच ६० ते ८० शब्द लिहा : त्यात काय आहे, कोणत्या कामाला येतं आणि कुठे अडतं. हे शेवटचंच सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच गाळलं जातं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. दुसरी आवृत्ती १८५७ची. जुन्या शब्दांच्या अर्थच्छटांसाठी उत्तम. पण शुद्धलेखनासाठी तो उघडू नका. त्यात ‘नांव’ सापडेल, आपण ‘नाव’ लिहितो, कारण आजचे नियम १९६२चे, १९७२मध्ये भर पडून अठरा झालेले. टिपणात हा इशारा हवाच.

पुनर्मुद्रणाचं साल आवृत्तीचं म्हणून लिहिणं ही नेहमीची चूक. मुखपृष्ठावर विसंबू नका, आतलं मुद्रणपान पाहा. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीख नोंदवा, तिथला मजकूर बदलत राहतो.