कायदा असताना आजही लहान मुलं गुलामासारखी कशी राबवली जातात?

तुमचा प्रश्न असा की गुलामगिरी तर कधीच बंद झाली, मग मुलांना 'गुलाम' म्हणणं ही अतिशयोक्ती नाही का? नाही. तो शब्द मी फार जपून वापरतो, पण काही मुलांना दुसरा शब्दच लागू पडत नाही.

मी नाशिक जिल्ह्यात घाटमाथ्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचो. आमच्या कातकरी वाडीतला तिसरीतला एक मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही. घरी गेलो तर आई म्हणाली, "मेंढरांमागं गेलाय." तिच्या आजारपणात घरात दोन हजार रुपये आणि एक मेंढी आली होती, त्या बदल्यात पोरगा वर्षभर मेंढपाळाकडे. "विकला" असं कोणीच म्हणत नाही. "कामाला ठेवला" म्हणतात.

तो दीड वर्षाने परतला. तळपायाच्या भेगांत बाभळीचे काटे मोडून काळे पडले होते. वर्गात अंक लिहायला सांगितले की वीसच्या पुढे अडायचा, पण कुठलं कोकरू कोणत्या मेंढीचं हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाघरात शिरताना एक जरी कमी भरलं तरी मार बसायचा, आणि हरवलेल्या मेंढराची किंमत बापाच्या नावावर चढायची. वर्षाचं दीड वर्ष झालं ते त्यामुळे.

ही बेडी अशी असते. कागद नाही, कुलूप नाही. घेतलेली उचल फिटत नाही आणि ती फिटेपर्यंत मूल परत मिळत नाही. ठाणे-पालघरकडे लग्नासाठी कर्ज काढून मालकाकडे राबणाऱ्याला 'लग्नगडी' म्हणत. तिथे निदान कर्ज घेणारा आणि राबणारा एकच होता. इथे पैसे घेतो बाप आणि फेडतं आठ वर्षांचं पोर.

इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथली दहा वर्षांची कातकरी मुलगी अशीच मेंढपाळाकडे कामाला होती. तिला बेशुद्ध अवस्थेत आईबापाच्या झोपडीपाशी आणून सोडलं होतं, सप्टेंबर 2022 मध्ये नाशिकच्या रुग्णालयात ती वारली. आदिवासी मजुरांसाठी लढणाऱ्या श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरलं, तेव्हा कुठे नाशिक आणि नगर जिल्ह्यांतली अशी आणखी मुलं उजेडात आली. त्याआधी ती कोणाला दिसत नव्हती असं नाही. शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागतच होती, आणि ती लावणाऱ्यांत मीही होतो.

आता कायद्याचं. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा 1976 चा आहे आणि तो चांगला आहे. त्याने असं कर्ज आपोआप रद्द होतं, आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने तर किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हेही सक्तीचंच काम ठरवलं. घोडं अडतं ते एका शब्दावर. आमच्या मुलाच्या वेळी कचेरीत ऐकवलं गेलं, "बापाने राजीखुशीने पाठवलाय, मग वेठबिगारी कसली? बालमजुरी लिहा." 'बालमजूर' लिहिलं की मूल घरी येतं, पण वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला, म्हणजे मुक्तता प्रमाणपत्र, मिळत नाही आणि बापाच्या डोक्यावरची उचल तशीच राहते. पुढच्या दिवाळीला धाकटा भाऊ जातो. आमच्याकडे तेच झालं. 'बालमजुरी'च्या त्या कागदावर सही करताना मी भांडायला हवं होतं.

जगात इतरत्रही बहुतेक वेळा रीत हीच. घानातल्या व्होल्टा तलावात आईबापांना आगाऊ पैसे देऊन नेलेली मुलं बुडालेल्या झाडांत अडकलेली मासेमारीची जाळी सोडवायला पाण्यात उतरतात. उझबेकिस्तानात मात्र वर्षानुवर्षं सरकारच शाळा बंद ठेवून मुलांना कापूस वेचायला पाठवायचं. जगभरच्या कंपन्यांनी तो कापूस नाकारला, सरकारनेही धोरण बदललं, आणि 2021 च्या हंगामात तिथली सक्ती मोडल्याचं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने नोंदवलं. म्हणजे हे थांबवता येतं. याच संघटनेच्या 2022 च्या अंदाजानुसार जगात 33 लाख मुलं सक्तीच्या कामात आहेत, त्यातली निम्म्याहून अधिक देहविक्रयात. बालमजुरांची एकूण संख्या याहून कितीतरी मोठी, 2025 च्या अहवालात 13 कोटी 80 लाख.

तुम्हाला रस्त्यात कळपामागे एकटंदुकटं मूल दिसलं तर मेंढपाळावर धावून जाऊ नका. त्याची स्वतःची मुलंही त्याच कळपामागे चालत असतात. मुलाशी दोन शब्द बोला, गाव विचारा, आई कुठे असते विचारा. शंका आली तर 1098 वर फोन करा, तहसीलदारांना लेखी कळवा आणि अर्जात 'वेठबिगारी' हा शब्द स्पष्ट लिहा. आणि एक लक्षात ठेवा, कळप दुसऱ्या दिवशी हललेला असतो. आज रात्री मेंढरं कोणाच्या शेतात बसणार आहेत, ते आधी विचारून घ्या.