गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात मागे मोटर लावलेली १४ फुटी नाव नाक वर करूनच चालते, सपाट पळत नाही. काय करावं?

आधी तळातलं पाणी उपसा. १५ लिटरच्या चार बादल्या म्हणजे एक माणूसच, आणि नाक उचललं की ते सगळं मागे धावतं. टाकी, बॅटरी मधल्या बाकाखाली सरकवा. २५ लिटर पेट्रोलच १८ किलोवर जातं. नळी लांब लागेल, कुठे दबू देऊ नका, नाहीतर जोर दिला की मोटर गुदमरते. चालवणाराही थोडा पुढे बसू द्या, हँडलला लांब दांडा जोडून.

तरी नाक वरच? मग मोटर बंद करून, ती नावेला धरणाऱ्या कंसातली, तिचा कल ठरवणारी पिन एक भोक नावेकडे घ्या. एकच! जास्त आत गेली तर नाक पाण्यात खुपसतं, फार बाहेर राहिली तर नाव बेडकासारखी उड्या मारते. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत हवी. बोटभर वर चालेल.